अक्षरी एक

किन्हवलीत मी खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. एक पाठकोरा कागद आणि पेन्सिलीचा तुकडा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "मास्तर, एक ते दहा लिवून दाखवा."

मी गणिताचा शिक्षक. गावातल्या शाळेत रुजू होऊन चारच दिवस झाले होते आणि इतकी सोपी परीक्षा माझी आजवर कुणी घेतली नव्हती. पण आत येताना ओट्याला टेकवलेल्या मोपेडची नंबरपाटी मी पाहिली होती. ती अख्खी मराठी आकड्यांत होती. घराचा नंबरही चौकटीवर मराठीतच रंगवलेला होता. तेव्हा शहाणपणा करून मी मराठी आकडे काढायला घेतले. आठपर्यंत छान जमलं. नऊला हात अडला. वर्षानुवर्षं सेमी-इंग्रजीचे वर्ग घेऊन हाताला दुसरी सवय लागली होती. मी 9 काढला, तो खोडला आणि शेजारी ९ काढला.

घरमालकांनी, त्यांना मी पुढे काकाच म्हणू लागलो, कागद डोळ्यांपासून लांब धरून पाहिला.

"नऊ कच्चा हाय तुमचा," ते म्हणाले. "पन खोली घ्या."

काका टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले होते. शहापूरपासून डोळखांबच्या पाड्यांपर्यंत आणि इकडे मुरबाडच्या वाटेवरचे सगळे खांब त्यांच्या ओळखीचे. नोकरी सुटली तरी कमरेचा पट्टा सुटला नव्हता. पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी असा सगळा संसार कमरेला लावूनच ते जेवायला बसत. घरात जे जे म्हणून बांधता येईल ते टेलिफोनच्या रंगीत वायरींनी बांधलेलं होतं. कपडे वाळत घालायची दोरी, गोठ्याचं फाटक, इतकंच काय, काकूंच्या चष्म्याची मोडकी दांडीसुद्धा. मोबाइलला ते हात लावत नसत. "ज्याला खांब नाय त्या लाइनीचा काय भरोसा?" असं त्यांचं म्हणणं, आणि आमच्या भागातली रेंज पाहता त्यांना खोडून काढणं मला कधी जमलं नाही.

मराठी आकड्यांचं वेड त्यांना कुठून लागलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काकूंना विचारलं तर त्या हात झटकत. "माझ्या लग्नाच्या आधीपासनं हाय. त्यात माझा काय दोष नाय." गॅसचं पुस्तक, रेशनचा फॉर्म, बँकेची स्लिप, सगळीकडे काकांचे आकडे मराठी. शहापूरच्या नाक्यावर पोलिसानं मोपेड अडवली की काका खाली उतरत आणि त्याच्याकडून नंबर मोठ्यानं वाचून घेत. तो चुकला की त्याला दुरुस्त करत. नंतर नंतर तिथले पोलीस त्यांना लांबूनच हात करून जाऊ देत. सुटका त्यांची होत होती की पोलिसांची, हे मी सांगू शकत नाही.

नोकरीत असताना तर त्यांनी कहर केला होता. तक्रारवहीत त्यांनी एका बंद पडलेल्या फोनचा नंबर आपल्या आकड्यांत लिहिला. दुसऱ्या दिवशी बदलीवर आलेल्या लाइनमननं त्यातला १ हा 9 समजून वाचला आणि भलत्याच घरी गेला. ज्याचा फोन बंद होता त्याचा बंदच राहिला आणि ज्याचा चांगला चालू होता त्याचा दुरुस्त झाला. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. काकांनी दोन वाक्यांचा खुलासा दिला. "आकडा बरोबर आहे. वाचणारा चुकला." ही दोन वाक्यं ते पुढे आयुष्यभर वापरत राहिले. मला ती पहिल्या आठवड्यातच तीनदा ऐकायला मिळाली.

त्या घरात आणखी एक गोष्ट होती, ती मला पहिल्या रविवारी कळली. काका ओटीवर बसले होते. त्यांचा मुलगा, तिशीच्या आतबाहेरचा, अंगणात मोटरसायकल धूत होता. दोघांमध्ये चार पावलांचं अंतर. मी मधून दात घासत चाललो होतो.

"मास्तर," काका म्हणाले, "त्याला सांगा, टाकी भरली, मोटर बंद कर."

मी आजूबाजूला पाहिलं. कुणी लांबचा माणूस दिसेना.

"त्यांना सांगा," मुलगा चाक पुसता पुसता म्हणाला, "कवाच बंद केली."

तोंडात पेस्टचा फेस असताना मी दोन्ही निरोप जसेच्या तसे पोचवले. दोघांनीही मी बोलेपर्यंत वाट पाहिली आणि माझं ऐकून मगच मान हलवली. अशा रीतीनं मी त्या घरात नोकरीला लागलो.

बापलेकांचा अबोला होता. आठ वर्षांचा. इतकी वर्षं हे निरोप्याचं काम काकूंनी केलं होतं, पण शिकलेला भाडेकरू मिळाल्याबरोबर त्यांनी राजीनामा दिला. "मना चुलीवर दूध ठेवून दोघांच्यात उभं रावं लागतं. दूध उतू जातं. तुमी शिकलेले हायसा, तुमी करा," असं म्हणून त्या आत गेल्या. मी लवकरच तयार झालो. या कामात एकच पथ्य होतं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. एकदा मी काकांचं "गाढवाला सांग" मधलं गाढव गाळून निरोप दिला, तर मुलगा म्हणाला, "एवढंच बोलले? नाय, काय तरी राहिलं."

अबोल्याचं कारण काकूंनी एका दुपारी नाचणी निवडताना सांगितलं.

आठ वर्षांपूर्वी मुलानं हायवेकडच्या एका मोठ्या कंपनीत कायम नोकरीसाठी अर्ज केला होता. मुलाखतीच्या बोलावण्याचा फोन आला तो घरच्या फोनवर, आणि घेतला काकांनी. मुलगा घरी नव्हता. डोळखांबकडे केबल तुटल्यामुळे काकांना लगेच निघायचं होतं आणि तिकडे दहा-बारा दिवस मुक्काम होता. त्यांनी चिठ्ठी लिहिली. मुलगा नेहमी कुरकुर करायचा म्हणून कंपनीचा फोन नंबर त्यांनी जन्मात पहिल्यांदा इंग्रजी आकड्यांत लिहिला. त्याच्याखाली लिहिलं, "१ ला बोलावलंय, सकाळी. कागद घेऊन जाणे." हा आकडा मात्र हातानं आपल्या सवयीनं काढला. मुलानं वरचा नंबर इंग्रजी पाहिला आणि खालचा आकडाही इंग्रजीच धरला. तो इस्त्रीचा शर्ट घालून नऊ तारखेला कंपनीच्या फाटकावर गेला. वॉचमन म्हणाला, "ते तर एक तारखेलाच झालं. भरती संपली."

घरी येऊन मुलगा म्हणाला, "असा आकडा कोन काढतं?"

काका म्हणाले, "आकडा बरोबर हाय. वाचणारा चुकला."

तेवढंच. त्यानंतर ते एकमेकांशी बोलले नाहीत. मुलगा मुरबाडला एका कारखान्यात कंत्राटावर इलेक्ट्रिशियन म्हणून लागला, तीन पाळ्यांत, आणि अजून कंत्राटावरच होता.

"चूक कुणाची, मास्तर?" काकूंनी सुपातून मान वर न करता विचारलं.

मी गणिताचा माणूस, उत्तर काढायला बसलो. जितका विचार केला तितके दोघेही बरोबर दिसायला लागले, आणि त्यानं माझी फारच गैरसोय झाली.

हा सगळा प्रकार मला तोवर गमतीचा वाटत होता. तो तसा नाही हे कळलं काकांच्या मुलासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा. डोळखांबच्या पलीकडे एका गावात स्थळ होतं, मुलगी नर्सिंग शिकलेली. काकांनी मला बरोबर घेतलं. एका खाटेवर काका, मुलगा आणि मधे मी असे बसलो. मुलीच्या वडिलांनी काकांना साधाच प्रश्न विचारला, "पोराला पाळी कंची असते?"

काका माझ्याकडे वळले. "मास्तर, विचारा त्याला."

मी विचारलं. मुलानं मला सांगितलं. मी काकांना सांगितलं. काकांनी मुलीच्या वडिलांना सांगितलं. पोहे येईपर्यंत असं चारपाच वेळा झालं. मुलीचे वडील आळीपाळीनं आमच्या तिघांकडे पाहत होते. मुलीनं पोह्यांची पहिली बशी मला दिली, कारण बोलताना मीच दिसत होतो. दोन दिवसांनी निरोप आला. पोरगा चांगला हाय, घर चांगलं हाय, पन ज्या घरात बापाचं पोराला सांगायला मास्तर लागतो तिथं आमची पोर कशी नांदेल?

ते तिसरं स्थळ होतं. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. काका ओटीवर पट्टा काढून बसले होते. त्यांना पट्ट्याशिवाय मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला वाईट वाटलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी काकांनी माळ्यावरून तो कॉम्प्युटर खाली काढला.

मुलगा पाचवीत असताना काकांनी तो कल्याणच्या एका ऑफिसातून आणला होता. ऑफिसानं मोडीत काढलेला, वजनाला म्हशीच्या पारड्याएवढा, पुढे फुगीर काचेचा पडदा. त्यात फ्लॉपीवरचा एक मोटारीच्या शर्यतीचा खेळ होता. मोटार पळायची, वळायची, आपटायची, पण सगळं गप्प. त्या मशीनला आवाजाचं कार्डच नव्हतं. आता काकांना ते कार्ड करायचं होतं. विकत मिळत असेल तर मागवून देतो, असं मी म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला.

"पन आता कशाला, काका?"

"मशीन मुकी हाय. घरात बरं दिसत नाय."

घरात आणखी कोण कोण मुकं होतं हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण खोली चांगली होती आणि पाण्याची सोय होती.

हे कार्ड कसं करायचं याचं चित्र मी माझ्या मोबाइलवर शोधून काढलं. काका त्या मोबाइलकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "वाचा." कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटर लावायची पंचवीस पिनांची जागा असते. तिथून आठ वायरी काढायच्या आणि प्रत्येकीला रेझिस्टर जोडून त्यांची शिडी करायची. शेवटी आठही जणींचा मिळून एकच आवाज बाहेर पडतो. काकांना ते माझ्याआधी समजलं. "म्हंजे आठ जनी गानार," ते म्हणाले, "पन एकीचा गळा दुसरीच्या दुप्पट, तिसरीचा तिच्या दुप्पट. बरोबर? मग सगळ्यात मोठ्या गळ्याची कंची, ती नीट लिवा."

त्यांच्या वहीत मी रंग आणि पिना लिहून घेतल्या. वायरी टेलिफोनच्या केबलमधल्या, त्यामुळे रंग वेगवेगळे आणि क्रमही काकांच्या मनाचा. हिरवी, पिनेचा नंबर. पांढरी, पिनेचा नंबर. सगळ्यात मोठ्या गळ्याची लाल.

"मराठीत ना?" काकांनी पाठमोरंच विचारलं.

"मराठीतच," मी म्हणालो.

श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणावर त्यांनी ती शिडी उभी केली. काय सुबक काम होतं! सोल्डरिंगचा एकेक डाग मोत्यासारखा. पाठीचं दुखणं विसरून हा माणूस तासन्‌तास वाकून बसे. आवाज बाहेर काढायला त्यांनी जुन्या रेडिओचं पोट जोडलं आणि त्याला गणपतीत लावायचा भोंगा लावला. एवढा मोठा भोंगा कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, "अर्धवट काम मना जमत नाय."

पहिल्या दिवशी बटण दाबलं तेव्हा भोंग्यातून जे बाहेर आलं त्याला आवाज म्हणणं कठीण आहे. पत्र्यावर पोतंभर खडी ओतल्यासारखं काहीतरी झालं. कोंबड्या पेरूच्या झाडावर गेल्या. काकूंनी आतून विचारलं, "कोन पडलं?"

तीन आठवडे काकांनी ती खडी चाळली. प्रत्येक रेझिस्टर काढून मोजला, प्रत्येक डाग पुन्हा दिला, रेडिओ बदलून पाहिला. आवाजात मोटार कुठंतरी होती, पण ती दगडांखाली गाडलेली. काका बारीक होत चालले. रंग आणि नंबर रोज वहीशी ताडून पाहत आणि म्हणत, "जोडणी तर वहीबरहुकूम हाय."

मुलगा कामावर जाता-येता हे सगळं पाहत होता. आधी तो सरळ जायचा. मग हेल्मेट हातात धरून थांबायला लागला. एका संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"काय करतायत ते?"

"तू विचारलंस म्हणून त्यांना सांगू?"

"नको. त्या कार्डासाठी मी पाचवीत तीन दिवस रडलो होतो, मास्तर. ते बोलले, डोळ्यानं दिसतंय ना, मग आवाज कशाला? माझ्यासाठी करतायत का ते?"

"विचारू?"

"नको, नको."

मग मला ते सुचलं, किंवा मी निरोप्याचं पथ्य मोडलं म्हणा. काका बाजारात गेलेले पाहून मी ती वही मुलापुढे ठेवली. तो कारखान्यात रोज वायरींतच असतो, त्याला काही दिसलं तर बघावं. त्यानं पानावरून बोट फिरवलं. हिरवी ४. पांढरी ७. निळी २. बोट लाल वायरीवर थांबलं.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"आन हा आकडा काय हाय?"

"नऊ," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच पानावर वाकलो. सात आकडे मी नीट मराठीत काढले होते. आठवा, लाल वायरीचा, सगळ्यात मोठ्या गळ्याचा, हातानं आपल्या सवयीनं काढला होता. 9. अख्ख्या मराठी पानावर तो कुणालाही एकच दिसला असता. काकांनी लाल वायर नवव्या पिनेला न लावता पहिल्या पिनेला लावली होती. मोठ्या गळ्याची बाई देवळाबाहेर उभी, आणि आत उरलेल्या सात जणी भजन म्हणत होत्या. पहिल्या दिवशी काकांनी सांगितलं होतं, नऊ कच्चा आहे.

मुलगा हसायला लागला. त्याला मी हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. हसता हसता तो एकदम थांबला आणि त्यानं वही मिटली.

"त्यांना काय सांगू?" मी विचारलं.

"काय सांगू नका. नुसतं विचारा." तो उठून उभा राहिला. "वही दाखवा आन विचारा, कोन चुकलं? लिवणारा का वाचणारा?"

इतका अवघड निरोप मी त्या घरात कधी नेला नव्हता. वाचणारा चुकला म्हणावं, तर तीन आठवडे कोंबड्या झाडावर चढवल्या त्या काकांनी स्वतःच. लिहिणारा चुकला म्हणावं, तर मग आठ वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीचं काय? तिथं लिहिणारे कोण होते? दोन्हीकडून दार बंद. त्या पोराला माझ्या वर्गात बसवायला हवं होतं, असं मला वाटून गेलं.

काका बाजारातून आल्यावर मी वही उघडून दाखवली. चूक माझी आहे, हेही सांगून टाकलं. मग प्रश्न विचारला आणि कुणाचा आहे तेही सांगितलं. काकांनी पान डोळ्यांपासून लांब धरलं. जवळ आणलं. पुन्हा लांब धरलं. वही मिटून त्यांनी ती पट्ट्यात खोवली आणि गोठ्यात निघून गेले.

चार दिवस त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. मोटर बंद करायचाही निरोप नाही. टाकी दोनदा वाहिली. काकूंनी मला आत बोलावून हळूच विचारलं, "मास्तर, तुमी काय केलंत?" मी म्हणालो, एक आकडा चुकीचा काढला. त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे देवा. तुमी पन?"

पाचव्या दिवशी दुपारी काका ओटीवर होते. मुलगा अंगणात बूट घालत होता, रात्रपाळीआधी त्याला मुरबाडला काही काम होतं. मी शाळेतून येत होतो. काकांनी मला थांबवलं. आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"मास्तर. त्याला सांगा, लिवणारा चुकला."

मला लागलं. चूक माझीच होती, पण इतक्या दिवसांनी चारचौघांत ती अशी माझ्या पदरात पडेल असं वाटलं नव्हतं. तरी कर्तव्य म्हणून मी अंगणात गेलो. "ते म्हणतात, लिहिणारा चुकला. म्हणजे मी."

मुलाचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. तो वर बघेना.

"नाय मास्तर," तो म्हणाला. "तुमचा काय संबंध!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आठ वर्षं घशात अडकलेलं वाक्य त्या माणसानं बाहेर काढलं होतं, आणि तेही माझ्या अंगावरून. मी ओटीकडे वळून पाहिलं. काका पक्कडीनं कसलातरी खिळा वाकवत होते, जो आधीच वाकडा होता. मुलानं नाडी बांधली, गाडी काढली आणि गेला. उलटा निरोप काही मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा आटोपून मी आलो. मुलगा रात्रपाळी करून मागच्या खोलीत झोपला होता. काकांनी लाल वायर पहिल्या पिनेवरून काढून नवव्या पिनेला लावली होती. डाग अजून कोमट होता. मला बघून म्हणाले, "बसा. चुकीला तुमी हायसा, मग बरोबरलाबी बसा." आणि बटण दाबलं.

मोटार सुरू झाली! खरी मोटार, पहिल्या गिअरमधली, मग दुसऱ्या. भोंगा अख्ख्या आळीला ऐकवत होता. वळणावर चाकं कचकचली, घंटा वाजली आणि मग एक भलतंच आनंदी संगीत सुरू झालं. कोंबड्या सवयीनं झाडावर गेल्या. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. काकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं सोडून ते त्याच बोटांनी मोटार चालवत होते, वाईट, फारच वाईट, सारखे कठड्याला आपटत होते.

मागच्या खोलीचं दार उघडलं. मुलगा उभा होता, बनियन-लुंगीत, डोळे लाल, केस उभे. त्यानं पडद्याकडे पाहिलं. भोंग्याकडे पाहिलं. श्रीखंडाच्या झाकणाकडे बराच वेळ पाहिलं.

"बाबा," तो म्हणाला, "आवाज कमी करा."

मग माझी सवय जागी झाली. मी घसा साफ केला आणि वळलो. "काका, तो म्हणतोय की आवाज..."

"ऐकलं मी," काका खेकसले. "भयरा हाय का मी? तुमी कशाला मधी बोलता?"

आणि ते खुर्चीवरून सरकले. अर्धी खुर्ची रिकामी झाली. "ये. वळणावर जमत नाय मना," ते त्याला म्हणाले, थेट त्याला. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. काकूंनी मला आत बोलावून चहा दिला. त्या घरातली माझी नोकरी गेली ती अशी.

पुढच्या वर्षी माझी मुरबाडच्या शाळेत बदली झाली. खोली सोडताना काकांनी मला पुन्हा एकदा एक ते दहा लिहायला लावले. नऊ पास झाला. डोळखांबच्या पलीकडच्या त्याच नर्सिंगच्या मुलीकडे ते दोघे पुन्हा गेले, या खेपेला मला न घेता. मुलीच्या वडिलांनी म्हणे आधी विचारलं, "मास्तर कुठं हायत?"

मग लग्नाची पत्रिका आली. तारीख अर्थातच मराठी आकड्यात छापलेली होती, दिनांक १. आणि त्या एकाच्या पुढे छापील नाही, निळ्या पेननं, तक्रारवहीतल्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, अक्षरी एक.

मी काकूंना फोन लावला. विचारलं, सगळ्याच पत्रिकांवर असं लिहिलंय, का माझ्या एकट्याच्या?

"सगळ्यांच्या," काकू म्हणाल्या. "आठ दिस झाले, दोघं ओटीवरनं उठत नायत. हे लिवतात आन पोर एकेक वाचून बघतो."